मोबाइलची स्क्रीन किती वर्षं टिकते? नवी पेठेतल्या टेबलावरून

प्रश्न विचारणारे अक्कलकोट तालुक्यातले शिक्षक आहेत. त्यांच्या फोनला तीन वर्षं दोन महिने झाले. फोन पडला नाही, फुटला नाही, पाण्यात गेला नाही. पण पांढरं पान उघडलं की खाली कीबोर्डच्या आकाराची फिकट पिवळसर सावली दिसते आणि वर घड्याळाच्या जागी जुने आकडे पुसट उमटलेले दिसतात. एका दुकानदारानं सांगितलं, "सर, स्क्रीनचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. कॉम्बो बदलून टाका." हे खरं आहे का, बदलायचा का, की नवाच फोन घ्यायचा, आणि घेतला तर या वेळी ओएलईडी सोडून एलसीडी घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, कॉम्बो, म्हणजे काच, टच आणि चित्राचा पडदा एकत्र असलेला अख्खा भाग, बदलू नका. निदान आत्ता तरी नको. दोन-तीन वर्षांत स्क्रीन संपते हे बोलणं विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. तुमच्या स्क्रीनला झालंय ते खरं आहे, पण तो मृत्यू नाही, पिकलेला केस आहे.

मी २००८ पासून सोलापुरात मोबाइल दुरुस्त करतो. सुरुवातीला आमच्याकडे ते चायना फोन यायचे. भोंग्यासारखा स्पीकर, दोन सिम आणि कडेला खोचलेली बारकी प्लास्टिकची काडी. त्यांचा टच खरोखर घासायचा. वर लवचिक प्लास्टिकचा पडदा, खाली काच आणि मध्ये केसाएवढी फट अशी रचना असायची. बोटानं दाबलं की पडदा काचेला टेकायचा आणि फोनला जागा कळायची. रोज शेकडो वेळा एकाच जागी टेकून तिथला लेप उडायचा. सगळ्यात आधी फोन उचलायचं हिरवं बटण मरायचं, कारण ते सगळ्यात जास्त दाबलं जायचं. "टच घासला" हा शब्द तेव्हाचा, आणि तो आजही गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे.

आजच्या फोनमध्ये दाबायला काही नाही. काचेखाली पारदर्शक वाहक थराची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन तेवढ्यावर जागा ओळखतो. बोट त्या जाळीला कधी लागतच नाही, मध्ये काच असते. म्हणून दिवसभर रील्स वर सरकवल्या तरी टच झिजत नाही. बोटानं झिजतो तो फक्त काचेवरचा एक अतिपातळ लेप, जो तेलाचे डाग धरू देत नाही. नव्या फोनवर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा उभा राहतो, वर्ष-दीड वर्षानं तोच पसरतो. लेप गेला इतकंच. फोन जरा लवकर कळकट होतो, बाकी काही बिघडत नाही. मात्र टूथपेस्ट लावून ओरखडे घालवायचा किंवा खिडकीच्या काचेचा स्प्रे मारून पुसायचा उद्योग करू नका. लेप महिन्यात जाईल. मऊ कपडा किंचित ओला करून पुसला की पुरे.

काचेचं थोडक्यात सांगतो. ही काच साधी नसते. वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे अणू काढतात आणि पोटॅशियमचे मोठे अणू तिथं कोंबतात. त्यामुळं वरचा थर कायम आवळलेला राहतो आणि काच सहज तडकत नाही. खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी तिच्यावर ओरखडा काढत नाहीत, पोलाद तिच्यापेक्षा मऊ असतं. ओरखडे काढते धूळ, म्हणजे धुळीतले गारगोटीचे कण, कारण गारगोटी काचेहून कडक. म्हणून आमच्याकडे सेंटरिंगवाले आणि गवंडी येतात त्यांच्या फोनची काच दुधाळ झालेली असते आणि बँकेतल्या माणसाची चार वर्षांनीही चकचकीत असते. असे बारीक ओरखडे पडलेली काच नंतर छोट्या पडण्यानंही फुटते. जानेवारीत होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा संपली की आठवडाभर माझ्या टेबलावर फुटक्या काचांची रांग असते. त्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की फोन नवा होता तर फुटला कसा. टफन ग्लास लावा. साध्या, सपाट स्क्रीनला चांगल्या प्रतीचा लावला की झालं.

आता तुमच्या सावलीकडे येतो, कारण खरं वय होतं ते उजेडाचं.

स्क्रीन दोन जातीच्या असतात. एलसीडीत ठिपके स्वतः उजेड देत नाहीत. मागे एलईडीचे बारीक दिवे असतात, पुढचे द्रवस्फटिक फक्त दार उघड-बंद केल्यासारखा तो उजेड अडवतात किंवा सोडतात. म्हणजे संपूर्ण स्क्रीन एकाच दिव्यावर जगते आणि म्हातारीही सगळी एकदमच होते. या एलईडींचा उजेड निम्म्यावर यायला दहा हजारांच्या कित्येक पट तास लागतात. तीस हजार धरले तरी रोज पाच तासांच्या वापरानं सोळा वर्षं होतात. एवढी वर्षं फोनच राहत नाही.

ओएलईडीत मागे दिवा नाहीच. प्रत्येक ठिपका स्वतःची वात जाळतो. सेंद्रिय पदार्थांचे अतिपातळ थर असतात, वीज गेली की तेच उजळतात. हे तंत्र १९८७ साली कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी मांडलं. २०१० मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी एस सुपर अॅमोलेड, म्हणजे ओएलईडीचाच एक प्रकार, घेऊन आला, आयफोनला मात्र २०१७ चा आयफोन टेन यावा लागला. काळा रंग दाखवायचा तर ठिपका चक्क विझतो, म्हणून काळा खरा काळा दिसतो. पण जो ठिपका जास्त जळला तो आधी मंदावला, हा या जातीचा स्वभावदोष आहे.

त्यातही निळा. माझ्याकडं बोर्डाच्या कामाचा मायक्रोस्कोप आहे, त्याखाली मी कधीकधी गिऱ्हाइकाला त्याचीच स्क्रीन दाखवतो. हिरवे ठिपके बारके आणि संख्येनं दुप्पट, निळे मात्र चांगले ठसठशीत. पोरं विचारतात, निळा मोठा का? कारण निळा उजेड काढणारा पदार्थ सगळ्यात नाजूक. लाल आणि हिरव्यासाठी जास्त कार्यक्षम पदार्थ कधीचे सापडले, निळ्याला तेवढा टिकाऊ जोडीदार मिळायला वेळ लागतोय. म्हणून त्याला जागा मोठी देतात, म्हणजे त्याच उजेडासाठी दर चौरसाला वीज कमी लागते आणि तो जरा जास्त जगतो. तरी शेवटी निळाच आधी थकतो. पांढऱ्यातून निळा कमी झाला की उरतं काय? पिवळसर. सर, तुमच्या कीबोर्डची सावली पिवळी का, याचं उत्तर हे. तुमचा कीबोर्ड पांढरा आहे असं मी इथून सांगतो. शाळेचे ग्रुप, माहिती भरायच्या लिंका, रोजचे मेसेज, तीन वर्षं त्याच जागी तीच पांढरी पट्टी पेटत राहिली. वरचं घड्याळही तसंच. आम्ही याला बर्न-इन म्हणतो, पण जळून काही छापलं जात नाही. तेवढी जागा बाकीच्यांपेक्षा जास्त काम करून दमली, एवढाच अर्थ.

तुमचे साधारण ११५० दिवस झाले. रोज पाच तास धरले तर पावणेसहा हजार तास. पण निव्वळ तासांवर जाऊ नका. उजेड दुप्पट केला की आयुष्य निम्म्यावर थांबत नाही, त्याच्याही खाली जातं. आणि उष्णता त्यात भर घालते. म्हणून स्क्रीन किती वर्षं टिकते याला एकच आकडा देणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. माझ्या टेबलावरचा अनुभव असा की रोज चार-पाच तास, उजेड ऑटोवर, फार ऊन नाही, तर चांगल्या ओएलईडीवर चार-पाच वर्षं सहज जातात आणि तोवर काही जाणवलं तर तुमच्यासारखी फिकट सावलीच. त्याच्या आधी बॅटरी जाते, चार्जिंगचं सॉकेट जातं, किंवा कंपनी अपडेट बंद करते.

तीन गिऱ्हाइकं सांगतो, म्हणजे फरक कळेल.

पहिल्या आमच्या भागातल्या एक काकू. विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपाच्या कडेला टेकवलेला फोन, त्यावर दिवसभर मालिका. फोन एलसीडीचा, सातव्या वर्षात आहे. बॅटरी मी दोनदा बदलली, स्क्रीन कारखान्यातून आली तीच. चार्ज पुरावा म्हणून त्या उजेड कमी ठेवतात, घराच्या आत सावलीत बसतात. रोजचे आठ-नऊ तास आहेत, पण त्या स्क्रीनला काही झालेलं नाही.

दुसरा डिलिव्हरीचा पोरगा. गाडीच्या हँडलला फोन अडकवलेला, दहा तास नकाशा चालू, भर उन्हात म्हणून उजेड पूर्ण. त्याचं एक वर्ष म्हणजे तुमची दोन वर्षं, आणि ती फक्त तासांच्या हिशेबानं. उजेड आणि ऊन धरलं तर कितीतरी जास्त. चौदा महिन्यांत त्याच्या ओएलईडीवर नकाशाची वरची पट्टी कोरल्यासारखी दिसायला लागली. त्याला मी सांगितलं, नकाशाचा आवाज कानात घे, स्क्रीन बंद ठेव, वळणापाशी बघ. (हँडलच्या थरथरीनं कॅमेराही बिघडतो. अॅपलनं २०२१ मध्ये मोटारसायकलवाल्यांना तसा इशाराच दिला होता.)

तिसरे एक चहावाले. छापील क्यूआर पावसात भिजला म्हणून जुना ओएलईडी फोन काउंटरवर उभा करून ठेवला, दिवसभर क्यूआर पेटलेला. वर्षभरानं फोन दुरुस्तीला आला तेव्हा कुठलंही पान उघडा, मागे क्यूआर दिसतोच. गंमत म्हणून मी स्कॅन करून बघितला. झाला नाही, नाहीतर मी पैसे पाठवणार होतो.

आता आपल्या गावाचा विषय. आयफोनवाली कंपनी स्वतः लिहून देते की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा आणि बंद ठेवायचा असला तरी ४५ च्या वर ठेवू नये. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जाणं ही बातमीसुद्धा नसते. म्हणजे दोन महिने आपण फोन त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेरच वापरतो. दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तर पार भाजून निघतो. उन्हात स्क्रीन आपोआप अंधारी होते तेव्हा लोक चिडून उजेड परत वाढवतात. अहो, तो फोन स्वतःला वाचवत असतो, वाचवू द्या. सावलीत आणा, कव्हर काढा, दहा मिनिटं ठेवा. कूलरसमोर ठेवायला हरकत नाही, फक्त पाण्याचे तुषार उडत नाहीत ना तेवढं बघा. फ्रिजमध्ये ठेवू नका. दर उन्हाळ्यात एकदोन जण ठेवतात आणि आत दव धरलेला फोन घेऊन माझ्याकडं येतात.

उन्हाचा आणखी एक मार आहे, तो लोकांना कळत नाही. बॅटरी फुगते आणि आतून स्क्रीनला ढकलते. कडेला फट दिसली, स्क्रीन मध्ये उचलल्यासारखी वाटली, आपोआप टच व्हायला लागला, तर तो स्क्रीनचा दोष समजून कॉम्बो बदलू नका. आधी बॅटरी बघा. फुगलेली बॅटरी असलेला फोन चार्जिंगला लावू नका, दाबूनही बघू नका. यंत्रमागावरच्या लोकांचे फोन उघडले की आत आणि चार्जिंगच्या भोकात सुताचा कापूस ठासून भरलेला असतो. त्यानं स्क्रीनला थेट काही होत नाही, पण पिन नीट बसत नाही आणि तिथं फोन तापतो.

आणि ती हिरवी रेष. वय, वापर, उजेड, कशाशीच हिचा सरळ हिशेब लागत नाही, म्हणून सगळ्यात जास्त शिव्या हीच खाते. काल बरी असलेली ओएलईडी स्क्रीन सकाळी उठून बघावी तर वरून खाली एक हिरवी किंवा गुलाबी उभी रेष. स्क्रीनच्या खालच्या कडेला चालक चिप आणि केसासारख्या बारीक तारांची पट्टी चिकटवलेली असते. प्रत्येक उभ्या ओळीला तिथून वीज जाते. त्यातला एखादा जोड सुटला की ती ओळ फोनचं ऐकेनाशी होते आणि पेटूनच राहते. तापणं-गार होणं, तापणं-गार होणं यानं जोड ढिले होतात. बरेच जण म्हणतात अपडेट केल्यावर रेष आली. अपडेटमध्ये फोन चांगलाच तापतो, तेव्हा आधीच कमकुवत असलेला जोड त्या दिवशी सुटला असणार, असं माझं मत आहे. काही कंपन्यांनी आपल्या देशात ठरावीक मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही या कारणासाठी स्क्रीन फुकट बदलून दिल्या आहेत. म्हणून रेष आली तर माझ्यासारख्याकडं येण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. एकदा आम्ही फोन उघडला की ते हात लावत नाहीत. लेझरनं रेष घालवून देणारेही आहेत. स्वस्त पडतं, पण दुसरी रेष यायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही.

तुम्हाला कॉम्बो बदलू नका म्हटलं त्याचं मुख्य कारण आता. बाजारात तीन प्रकारचा माल आहे. एक, कंपनीचा. दोन, दुसऱ्या कारखान्याचा ओएलईडी. तीन, ओएलईडी फोनला बसवायला बनवलेला एलसीडी, ज्याला आम्ही टीएफटी किंवा इनसेल म्हणतो. तिसरा निम्म्याहून कमी किमतीत येतो आणि विकला सगळ्यात जास्त जातो. तो जाड असतो, म्हणून फ्रेममध्ये नीट बसत नाही, कड वर राहते आणि तिथून फुटतो. उजेड कमी. बॅटरी जास्त खातो, कारण मागचा दिवा सतत पेटलेला. आणि स्क्रीनखालचा अंगठ्याचा ठसा बंद पडतो, कारण तो सेन्सर ओएलईडीच्या आरपार उजेड जातो या भरवशावर बनवलेला असतो. म्हणजे फिकट सावली घालवण्यासाठी तुम्ही चांगली स्क्रीन काढून वाईट बसवणार. शिवाय एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण कारखान्यासारखं परत बसत नाही.

कुणी बदलून दिलीच तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. अंगठ्यानं लॉक उघडून बघा. मग पूर्ण काळं चित्र लावून फोन ओंजळीत झाका. ओएलईडी असेल तर काहीच दिसणार नाही, एलसीडी असेल तर राखाडी उजेड झिरपेल. दुकानदार रागावला तर रागावू दे. नुसती काच फुटली असेल आणि चित्र, टच शाबूत असेल, तर फक्त काच बदलून घ्या. गरम प्लेटवर ठेवून तारेनं काच सोडवतात आणि नव्या गोंदपट्टीनं दुसरी चिकटवतात. काम नाजूक आहे, हात चांगला असलेल्याकडंच द्या, पण तुमची मूळ स्क्रीन राहते.

चार-पाच वर्षांनी कंपनीची स्क्रीन मिळेल का, हा आपल्याकडं नशिबाचा भाग आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय, मॉडेल विक्रीतून गेल्यावरही सात वर्षं स्क्रीनसारखे सुटे भाग द्यायचे. आपण मात्र अजून मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून "आहे का?" विचारतो.

तर तुम्ही काय करायचं? कीबोर्डची थीम आजच काळी करा. स्क्रीन बंद व्हायची वेळ तीस सेकंदांवर आणा, उजेड ऑटोवर टाका. सावली पुसली जाणार नाही, पण इथून पुढं त्या जागेला विश्रांती आणि बाकीच्या जागेला काम असं होईल. वर्षभरानं फरक कमी वाटेल, कारण बाकीची स्क्रीनही तेवढीच म्हातारी झालेली असेल. मग एकदा पूर्ण राखाडी चित्र लावून, उजेड कमी करून, अंधारात बघा. राखाडीवर सावली सगळ्यात स्पष्ट दिसते. तिथं जे दिसतं ते रोजच्या वापरात खटकत नसेल तर फोन चालू द्या. फोटोचं किंवा रंगाचं काम करणारा माणूस असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

नवा घ्यायचाच झाला तर ओएलईडीला घाबरून एलसीडीकडं जाऊ नका. तुमचा वापर शाळा आणि घर, म्हणजे ओएलईडी तुम्हाला पुरून उरेल. मात्र सपाट स्क्रीनचा घ्या, कडेला वाकवलेला नको. त्याला टफन ग्लास नीट बसत नाही आणि फुटला की खर्च जिवावर येतो. घडीच्या फोनचा विचार असेल तर तो मी इथं धरलेलाच नाही. आमच्याकडं वर्षाला मोजून चार येतात आणि चारही मी पुण्याला पाठवतो.

एलसीडी मी कुणाला सांगतो? ज्याची स्क्रीन दिवसभर एकाच चित्रावर पेटलेली राहणार त्याला. त्या चहावाल्यांना मी शेवटी एक जुना एलसीडी फोन दिला, क्यूआर लावायला. तो अजून काउंटरवर उभा आहे, आणि आता स्कॅनही होतो.